सेल, बल्ब आणि मुलाच्या मनातला परिपथ: लहान मुलाची समज कशी तपासावी

सात वर्षांच्या मुलाने सेलला वायरी लावून बल्ब पेटवला की घरातली सगळी खूश होतात आणि "आलं हो त्याला" असं ठरून जातं. पण त्याला नेमकं काय आलं, हे त्या उजेडावरून सांगता येत नाही. मागच्या वेळची जोडणी त्याने चित्रासारखी लक्षात ठेवली असेल, किंवा इथेतिथे टेकवता टेकवता जमून गेलं असेल. एखाद्याच्या डोक्यात तर असंही असतं की वीज एकाच वायरीतून येते आणि दुसरी वायर नुसती आधाराला आहे. तिघांचाही बल्ब सारखाच पेटतो.

समज दिसते ती दोन ठिकाणी: जोडायच्या आधी मूल "काय होईल" म्हणतं तिथे, आणि बल्ब पेटला नाही तर पुढे काय करतं तिथे. या दोन जागांवर लक्ष कसं ठेवायचं, ते या लेखात सविस्तर सांगते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचे आईवडील, आजीआजोबा आणि प्राथमिकचे शिक्षक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. शाळेच्या पुस्तकांत विद्युत परिपथ, म्हणजे सर्किट, सविस्तर येतो तो उच्च प्राथमिकच्या इयत्तांत. त्याआधीच्या वर्षांत परीक्षेचं ओझं नसतं, त्यामुळे निवांत ऐकून घ्यायला हाच काळ चांगला.

ज्याँ पियाजे हे स्विस मानसशास्त्रज्ञ १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी त्यांचं लक्ष वेधलं, कारण एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. मग त्यांनी मुलांशी सावकाश बोलून, उलटसुलट विचारून ती कसा विचार करतात हे शोधायला सुरुवात केली. घरच्या टेबलावर आपल्याला तेच करायचं आहे. चूक सुधारायची घाई नाही, ती कुठून आली ते बघायचं.

आधी सामान

दोन साधे पेन्सिल सेल घ्या, १.५ व्होल्टचे, झिंक-कार्बन प्रकारचे. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते स्वस्तातले चालतात. अल्कलाइन आणि रिचार्जेबल सेल या कामाला नकोत. चुकून दोन्ही टोकं थेट जोडली गेली तर त्यांतून खूप जास्त प्रवाह जातो आणि वायर पटकन तापते.

विजेरीचे जुन्या धर्तीचे, पेच असलेले, २.५ व्होल्टचे तीन-चार बल्ब लागतील. विजेऱ्यांमध्ये आता एलईडी आल्यामुळे साध्या दुकानात हे मिळत नाहीत. ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीत जिथे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग किंवा शाळेच्या प्रकल्पांचं साहित्य विकतात, तिथे विचारा. सगळे बल्ब एकाच छापाचे, एकाच डब्यातले घ्या. त्याचं कारण पुढे येईल. प्लास्टिकचं आवरण असलेली साधी तांब्याची वायर घेऊन तिचे वीतभर तुकडे करा आणि दोन्ही टोकांचं आवरण बोटाच्या पेराएवढं सोला. वायर नसेल तर पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी चार घड्या घालून वापरता येते, आणि लहान बोटांना ती सोपी जाते. शिवाय चिकटपट्टी, कागद, स्केचपेन. एक संपलेला सेल आणि एक फ्यूज गेलेला बल्ब मुद्दाम जपून ठेवा. त्यांवर फक्त तुम्हाला कळेल अशी खूण करा.

बल्बचा होल्डर आणि तयार बटण सुरुवातीला देऊ नका. बल्बला दोन जागी जोडावं लागतं, एक खालच्या ठिपक्याला आणि एक बाजूच्या पेचाला, हीच गोष्ट होल्डर झाकून टाकतो. मुलाला ती दिसते का हे तर आपल्याला बघायचं आहे. एलईडीही पहिल्या बैठकांत नको. तो एकाच दिशेने जोडला तर लागतो, आणि लाल एलईडीलाही साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, म्हणजे एका सेलवर तो लागत नाही. मुलाचा विचार बरोबर असूनही उजेड पडला नाही, तर ते आपला बरोबर विचार सोडून देतं.

आदल्या रात्री सगळं सामान स्वतः जोडून बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सेलच्या टोकांवर, वायरींवर आणि बल्बच्या पेचावर गंजाचा किंवा काळपट थर चढतो आणि जोडणी बरोबर असूनही बल्ब लागत नाही. पॉलिश पेपरने टोकं घासून घ्या. एका सेलवर २.५ व्होल्टचा बल्ब पिवळसर मंद पेटतो. भर दुपारी खिडकीशी बसलात तर तो दिसणारही नाही, म्हणून पडदे ओढा.

सुरक्षेबद्दल आधीच, मुलाच्या डोळ्यांत बघून सांगा: "हा खेळ फक्त या सेलशी. भिंतीतल्या बोर्डाशी, प्लगशी, चार्जरशी कधीच नाही." मग त्याच्याच तोंडून ते परत म्हणवून घ्या. घरात २३० व्होल्ट असतात. सेलवर वायर हाताळायची सवय लागलेलं मूल सॉकेटपाशीही तसंच करू शकतं, म्हणून ही ओळ प्रत्येक बैठकीत म्हणायची. मोबाइलची बॅटरी किंवा पॉवर बँक वापरू नका. नाण्यासारखे चपटे लिथियम सेल तर खोलीतही ठेवू नका, विशेषतः घरात आणखी लहान भावंड असेल तर. ते गिळले तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. आणि एक नियम मुलासाठी: वायर गरम लागली की लगेच सोडायची.

बसायचं कसं, बोलायचं कसं

पंधरा-वीस मिनिटं पुरेत. एक मोठं माणूस आणि एक मूल. मागून "अरे, उलटं लाव ना" असं सांगणारं कोणी नको, मग ते कितीही प्रेमाचं असो.

आपल्या तोंडून "बरोबर", "शाब्बास", "नीट बघ" हे शब्द तपासणीच्या वेळी येऊ देऊ नका. मुलं आपला चेहरा फार लवकर वाचतात. भुवई वर गेली की उत्तर बदलतं, आणि मग आपल्याला मुलाचा विचार मिळत नाही, आपलाच परत मिळतो. "बरं, मग?" आणि "अजून सांग" एवढ्यावर बरंच काम होतं. "का?" असं सरळ विचारलं की पुष्कळ मुलांना आपण चुकलो असं वाटतं. त्याऐवजी "तुला कशावरून वाटलं?" किंवा "वीज कुठून कुठे जाते, बोट फिरवून दाखव" असं विचारा.

बोट फिरवून दाखवणं फार उपयोगाचं आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं "सर्किट कम्प्लीट झालं" हे वाक्य कुठूनतरी उचलून आणतात आणि आत्मविश्वासाने म्हणतात. तेच मूल बोट सेलच्या वरच्या टोकापासून बल्बपर्यंत नेऊन तिथेच थांबवतं, तेव्हा वाक्य पाठ आहे आणि फेरी अजून मनात नाही हे कळतं. उलट एखादं मूल शब्दच वापरत नाही, पण बोट गोल फिरवून सेलच्या खालच्या टोकाशी आणतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे मिसळून बोलेल ते बोलू द्या. बुजरं मूल असेल तर त्याला बाहुलीला किंवा धाकट्या बहिणीला समजावून सांगायला लावा.

पहिली बैठक: नुसता कागद

सामान बाहेर काढू नका. मुलाला कागद द्या आणि म्हणा, "हा सेल, हा बल्ब. बल्ब पेटवायचा असेल तर काय काय लागेल, काढून दाखव." दुसऱ्या कागदावर: "पंखा लावला की वीज कुठून येते आणि कुठे जाते, ते काढ."

बहुतेक लहान मुलं एकच रेघ काढतात, सेलकडून बल्बकडे किंवा भिंतीकडून पंख्याकडे. त्यात नवल नाही. मिक्सर, इस्त्री, फोनचा चार्जर, टीव्ही, सगळ्यांना बाहेरून एकच दोरी दिसते. तिच्या आत दोन किंवा तीन वेगळ्या तारा आहेत हे मुलाला दिसलेलंच नसतं. रोज जे डोळ्यांना दिसतं त्यावरून त्याने काढलेला तो रास्त निष्कर्ष आहे. असं चित्र पाहून "चुकलं" म्हणण्याआधी हे आठवावं.

चित्र काढताना मूल जे बोलेल ते त्याच कागदाच्या कडेला त्याच्याच शब्दांत लिहा, व्याकरण न सुधारता. "इथून करंट पळतो आणि बल्बमध्ये बसतो." तारीख टाका, कागद फायलीत ठेवा. काही महिन्यांनी तेच काढायला सांगाल तेव्हा याची किंमत कळेल.

दुसरी बैठक: एक सेल, एक बल्ब, एकच वायर

संपूर्ण तपासणीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, इथे घाई करू नका. मुलासमोर एक सेल, एक बल्ब आणि एकच वायर ठेवा. "एवढ्यावर बल्ब पेटेल का? आधी सांग, मग करून बघ."

काही मुलं लगेच म्हणतात, नाही, दोन वायरी पाहिजेत. काही म्हणतात, हो, आणि वायर सेलच्या टोपीला लावून दुसरं टोक बल्बला टेकवतात. उजेड पडत नाही. आता गप्प बसून बघा. मूल काय बदलतं? पुन्हा तेच, फक्त जोराने दाबतं? वायर बल्बच्या काचेला लावतं? सेल उलटा करतं? बल्बच थेट सेलवर उभा करतं? यातली प्रत्येक हालचाल लिहून ठेवण्यासारखी आहे. काचेला वायर लावणाऱ्या मुलाला वीज बल्बमध्ये नेमकी कुठून शिरते हा प्रश्न अजून पडलेला नाही. सेल उलटा करणाऱ्याला सेलच्या दोन टोकांत काहीतरी फरक आहे हे जाणवलंय.

जोडणी होते ती अशी: बल्बचा ठिपका सेलच्या एका टोकाला टेकवायचा, आणि वायर सेलच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या पेचापर्यंत न्यायची. ठिपका आणि पेच यांची अदलाबदल, आणि सेल सुलटा किंवा उलटा, अशा मिळून चार रीती निघतात आणि चारही चालतात. ज्या मुलाला एक रीत सापडली त्याला विचारा, "अजून एखादी रीत असेल?" दुसरी आणि तिसरी शोधणारं मूल नशिबावर चाललेलं नाही.

हे सोपं वाटत असेल, तर एक गोष्ट सांगते. अमेरिकेत १९९०च्या दशकात एमआयटी या नावाजलेल्या तंत्रविद्यापीठाच्या नव्या पदवीधरांना पदवीदानाच्या दिवशीच एक सेल, एक बल्ब आणि वायर देऊन हेच करायला सांगितलं होतं, आणि त्यांतल्या काहींना ते जमलं नाही. सूत्रं पाठ होती. बल्बला दोन जोड लागतात हे हाताने कधी अनुभवलेलं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलाला हे पहिल्या दिवशी जमलं नाही तर काही बिघडत नाही.

पाच-सात मिनिटांनंतर मूल कंटाळलं, तर बल्ब त्याच्या हातात देऊन फक्त एवढं म्हणा, "याच्या आत काय काय दिसतंय, भिंगातून बघ." तार कुठून निघते आणि कुठे टेकते हे पाहिल्यावर पुष्कळ मुलं स्वतःहून पेचाकडे वळतात. ही मदत दिली हे नोंदीत लिहा. मदतीनंतर जमलं आणि मदतीशिवाय जमलं, यांत फरक आहे.

उत्तरांतून दिसणारे चार विचार

न्यूझीलंडमधले संशोधक रॉजर ऑस्बर्न यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या मनातल्या विद्युतधारेच्या कल्पना अभ्यासल्या. त्यांना जे विचार सापडले तेच पुढे इतर देशांतही दिसले. कळव्याच्या चाळीत किंवा नेरूळच्या सोसायटीत बसलेलं मूलही साधारण त्यांतलंच काही बोलतं.

पहिला विचार एका वायरीचा. सेल देतो, बल्ब घेतो, संपलं. दुसरी वायर दिसली तर मूल तिला काहीतरी काम देऊन टाकतं: "ती सेफ्टीसाठी" किंवा "ती जास्त उजेडासाठी".

दुसऱ्या विचारात दोन्ही टोकांकडून काहीतरी निघतं आणि बल्बमध्ये भेटतं. "प्लस इकडून येतो, मायनस तिकडून, मग ते आपटतात आणि उजेड होतो." हे ऐकायला गोड वाटतं, आणि इथे मुलाने दोन्ही वायरींची गरज मान्य केलेली असते. पहिल्या विचारापेक्षा ही मोठी उडी आहे. बोट फिरवताना हे मूल दोन्ही हातांची बोटं वापरतं.

तिसऱ्यात वीज एका दिशेने फेरी मारते, पण बल्ब तिच्यातली थोडी खाऊन टाकतो आणि उरलेली परत येते. मोठ्या माणसांपैकीही पुष्कळजण इथेच असतात. "वीज वापरली गेली" असं आपण रोज म्हणतोच, त्यामुळे मुलाला दोष देता येत नाही. चौथा विचार शास्त्राशी जुळणारा: जेवढा प्रवाह बल्बमध्ये जातो तेवढाच बाहेर पडतो, आणि उजेड-उष्णता मिळते ती सेलने पुरवलेल्या ऊर्जेतून. आठ-नऊ वर्षांच्या आधी या चौथ्याची अपेक्षा ठेवू नये. दहाव्या वर्षी तिसऱ्या विचारापाशी असलेलं मूल अगदी चांगल्या वाटेवर आहे, असं मी समजते.

समजावताना नळातल्या पाण्याची उपमा मोठी माणसं हमखास देतात. तपासणी चालू असताना ती मुळीच देऊ नका. पाणी नळातून येतं आणि मोरीत जातं, परत येत नाही, त्यामुळे एका वायरीचा विचार उलट घट्ट होतो. शिवाय वायर तुटली की तिथून वीज गळते, अशी नवीनच समजूत वर बसते.

भाकितपत्रं

पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर सेल, बल्ब आणि वायरींची सहा चित्रं काढा. पहिल्यात सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या ठिपक्याला एकच वायर. दुसऱ्यात दोन वायरी, पण दोन्ही सेलच्या वरच्याच टोकाला. एक ठिपक्याकडे, एक पेचाकडे. तिसऱ्यात सेलच्या दोन टोकांपासून निघालेल्या दोन्ही वायरी बल्बच्या पेचालाच. चौथ्यात जोडणी बरोबर, पण वायरी लांबलचक, वेटोळ्या आणि एकमेकींवरून गेलेल्या. पाचव्यात बरोबर, पण सेल उलटा आणि बल्ब आडवा पडलेला. सहाव्यात सगळं नीट, फक्त एके ठिकाणी वायर आणि सेल यांच्यात बारीक फट.

मुलाने प्रत्येक पत्र बघून पेटेल की नाही ते सांगायचं, दोन ढीग करायचे, आणि मगच एकेक करून बघायचं. पेटतात फक्त चौथं आणि पाचवं. तिसऱ्यात सेल शॉर्ट होतो, म्हणजे त्याची दोन टोकं थेट जोडली जातात, म्हणून ते मोठ्या माणसाने धरून क्षणभरच टेकवायचं आणि लगेच सोडायचं.

दुसरं पत्र सर्वांत बोलकं आहे. "दोन वायरी आहेत ना, पेटेल" म्हणणाऱ्या मुलाने वायरी मोजण्याचा नियम शिकलाय. सेलची दोन टोकं त्याच्या हिशेबात नाहीत. नुसत्या जोडणीवरून हे कधीच कळलं नसतं. चौथ्या पत्रात "गुंता झालाय, वीज अडकेल" असं ऐकू येतं, आणि त्यावरून मूल आकाराकडे बघतंय की जोडाकडे, हे समजतं. सहाव्यात "एवढीशी फट, वीज उडी मारेल" हे उत्तर पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून पुष्कळदा येतं.

भाकीत चुकल्यावर मूल काय म्हणतं तेही महत्त्वाचं. "सेल संपलेला असेल" असं म्हणून नियम वाचवणारं मूल, आणि "थांब, मग असं असेल का?" म्हणून नियमच बदलणारं मूल, दोघांना पुढे वेगळी मदत लागते. पहिल्याला त्याच सेलवर दुसरी जोडणी पेटवून दाखवू द्या, म्हणजे ती पळवाट त्याची तोच बंद करतो.

मुद्दाम बिघडवलेली जोडणी

जमलेल्या जोडणीपेक्षा न जमलेली जोडणी मला जास्त सांगते. आधी मुलाच्या नजरेआड जोडणी तयार करा आणि तिच्यात एकच खोट ठेवा: संपलेला सेल, किंवा फ्यूज गेलेला बल्ब, किंवा वायरीच्या एका टोकाचं प्लास्टिक तसंच, किंवा दोन सेल तोंडाला तोंड लावून बसवलेले. शेजारी चांगला सेल, चांगला बल्ब, चांगली वायर ठेवा आणि म्हणा, "हा लागत नाहीये. काय झालंय, शोध."

सगळ्यात लहान मुलं सगळंच एकदम सुटं करतात आणि नव्याने जोडतात. पेटतो, पण कशामुळे ते त्यांना सांगता येत नाही. त्याच्या पुढची मुलं सगळे जोड दाबून बघतात. वीज जोडांतून जाते हे त्यांना कळलेलं असतं. आणि मग येतं ते मूल, जे फक्त सेल बदलतं, बघतं, जुना सेल परत लावतं, मग फक्त बल्ब बदलतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे कोणी न सांगता मुलाने केलं, तर ते ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पुढे विज्ञानात ज्याला प्रयोग म्हणतात त्याची ही सुरुवात आहे.

खोट सापडल्यावर एक प्रश्न विचाराच: "बल्ब गेला नव्हता, सेलच गेला होता, हे तू कसं ओळखलंस?" उत्तर "सेल बदलल्यावर पेटला, बल्ब तोच होता" असं आलं, तर परिपथाच्या समजेबरोबर तर्कही जागेवर आहे. प्लास्टिक न काढलेलं टोक शोधणं सगळ्यांत अवघड जातं, कारण वरवर सगळं जोडलेलंच दिसतं. जे मूल ते पकडतं, त्याला धातूतून वीज जाते आणि प्लास्टिकमधून नाही, हे शब्दांशिवाय समजलेलं असतं.

आठ वर्षांपुढच्यांसाठी: दोन बल्ब, कळ आणि होकायंत्र

दोन सेल आणि दोन बल्ब एकामागून एक, एकसर जोडायचे आहेत असं सांगून चित्र दाखवा आणि विचारा, "कुठला जास्त उजेड देईल?" वीज खाल्ली जाते असं मानणारं मूल पहिल्या बल्बाकडे बोट दाखवतं. जोडून बघितलं की दोन्ही सारखेच, आणि दोन्ही मंद. इथेच बल्ब एका छापाचे असणं गरजेचं आहे. वेगवेगळे असतील तर एक जास्त उजळेल आणि मुलाच्या चुकीच्या भाकिताला खोटी साक्ष मिळेल. तरीही फरक दिसला, तर बल्बांची अदलाबदल करून बघायला सांगा. उजेड बल्बाबरोबर सरकला तर दोष बल्बाचा, जागेचा नाही.

कळ घरीच बनवा: पुठ्ठ्यावर दोन पितळी पिना आणि एक स्टीलची यू-पिन. मग विचारा, "कळ बल्बच्या आधी लावली तर बंद केल्यावर बल्ब विझेल. पण बल्बच्या नंतर, परतीच्या वायरीवर लावली तर?" "तोपर्यंत वीज बल्बमधून गेलेली असते, म्हणून पेटलेलाच राहील" हे उत्तर वारंवार येतं, आणि मोठ्यांकडूनही येतं. मूल वीज एका टोकाकडून प्रवासाला निघाल्यासारखी बघतंय, पूर्ण परिपथ एकदम बघत नाही, हे या एका प्रश्नातून कळतं.

ज्याला खरंच उत्सुकता आहे त्याच्यासाठी होकायंत्र. तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२०मध्ये दाखवलं. वीज सुरू नसताना सुई जिकडे दाखवते त्याच रेषेत वायरीचे पाच-सहा वळसे होकायंत्राभोवती घाला आणि मग वीज सुरू करा. एकदा बल्बच्या आधीच्या वायरीचे, मग तेवढेच वळसे नंतरच्या वायरीचे. दोन्ही वेळी सुई सारखीच सरकते. आधी भाकीत घ्यायला विसरू नका. "नंतर कमी हलेल" म्हटलेलं मूल सारखंच हललेलं बघून गप्प होतं. त्या वेळी समजावणं सुरू करू नका, त्याला स्वतःचं काहीतरी म्हणू द्या.

टेबलाबाहेरचे प्रश्न

टेबलावर शिकलेलं बाहेर नेता येतं का, हे बघायला आपल्या शहरांत जागा पुष्कळ आहेत. गणपतीच्या मखराची जुन्या बल्बांची माळ एक बल्ब सैल झाला की बरेचदा पूर्ण किंवा अर्धी विझते. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर एक दिवा बंद असला तरी पुढचे चालू असतात. "असं का असेल?" एवढंच विचारा. मात्र मखराची माळ भिंतीच्या विजेवर चालते. ती बघायची आहे, उघडायची नाही.

नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी माझा आवडता प्रश्न ठाणे–वाशी लोकलमध्ये विचारायचा. गाडीच्या डोक्यावर तर एकच तार दिसते, तिच्यात २५,००० व्होल्ट असतात. मग फेरी पूर्ण कुठून होते? काही मुलं म्हणतात, पुढच्या आणि मागच्या डब्यातून दोन वेळा घेत असेल. काही म्हणतात, गाडीला एकच वायर पुरते, ती मोठी आहे ना. आणि कधीतरी एखादं मूल खाली बघून म्हणतं, "रूळ!" चाकांतून आणि रुळांतून वीज सबस्टेशनकडे परत जाते, हे त्याने स्वतः शोधलेलं असतं. अशा उत्तरानंतर आणखी कुठली परीक्षा घ्यायची गरज मला वाटत नाही. ओव्हरहेड तारेजवळ किंवा गाडीच्या टपावर कधीही जायचं नसतं, हेही त्याच वेळी सांगावं.

नोंद कशी ठेवायची

गुण देऊ नका. एका वहीत चार गोष्टी लिहा: मुलाने काय भाकीत केलं, काय केलं, त्याचे शब्द, आणि आपण काय मदत केली. उदाहरणार्थ: "पत्र दुसरं. म्हणाली, पेटेल, दोन वायरी आहेत. पेटला नाही. सेल बदलला, तरी नाही. मग एक वायर खाली लावली, पेटला. म्हणाली, खालून पण लागतं. मदत नाही." एवढ्यावरून पुढची बैठक ठरते. तिला वायरी मोजण्याकडून टोकांकडे यायला सुरुवात झाली आहे, तर पुढच्या वेळी फॉइलची एकच पट्टी देऊन बघावं.

तीन-चार आठवड्यांनी तीच पत्रं वेगळ्या क्रमाने पुन्हा दाखवा. मागच्या वेळी दोन टोकं ओळखणारं मूल या वेळी परत एकच रेघ काढू शकतं. घाबरू नका, समज अशीच मागेपुढे होत घट्ट होते. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या सामानाने, मदतीशिवाय एकच विचार दिसला तरच तो पक्का धरा. साधारण अंदाज हवाच असेल तर: पाच-सहा वर्षांत काहीतरी जोडावं लागतं एवढं कळलं तरी छान, सात-आठला सेलची दोन टोकं आणि बल्बच्या दोन जागा, नऊ-दहाला बंद फेरी आणि कळ कुठेही चालते हे. ज्याने पूर्वी सेल हातात घेतलेलाच नाही ते मूल एक-दोन वर्षं मागे दिसेल, आणि त्याचा हुशारीशी काही संबंध नाही. त्याला आधी चार-पाच दिवस नुसतं खेळू द्या, मग तपासा.

मुलांच्या अशा समजुतींवर अधिक वाचायचं असेल त्यांच्यासाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र जवळच आहे. वाशीहून खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन मानखुर्द.

वर्गात चाळीस मुलं असतील तर एकेकाशी वीस मिनिटं बोलणं शक्य नाही. तिथे भाकितपत्रं फळ्यावर मोठी काढा आणि प्रत्येकाला कागदाच्या चिठ्ठीवर "हो" किंवा "नाही" लिहायला लावा. हात वर करायला सांगितलं की सगळे हुशार मुलाकडे बघून करतात. चिठ्ठ्या गोळा झाल्यावरच जोडणी करून दाखवा. मग जोड्या करून सामान द्या आणि त्या दिवशी फक्त चार मुलांजवळ बसा, बाकीच्यांचं नुसतं कानावर पडू द्या. दुसऱ्या दिवशी पुढची चार. तास संपल्यावर सगळे सेल वायरींपासून वेगळे करून वेगळ्या डब्यात ठेवा, टोकांवर चिकटपट्टी लावून, म्हणजे डब्यातल्या डब्यात शॉर्ट होऊन ते पुढच्या तासाआधी संपणार नाहीत.